हप्ता बचतीतून, खिशातून नाही : लाईटबिल, पंखा आणि छतावरच्या सोलरचा हिशोब

अभ्यासपाठ – मासिक बैठकीत वाचून चर्चा करण्यासाठी



गेल्या काही महिन्यांत गटांच्या बैठकांत एक प्रश्न सारखा येतोय. "ताई, सोलर बसवायचंय, गटातून कर्ज मिळेल का?" "कमी विजेचा पंखा आलाय म्हणे, घेऊ का?" "सबसिडी मिळते म्हणतात, खरं का?" दुकानदार सांगतो, एजंट सांगतो, मोबाईलवर व्हिडिओ येतो. सगळे म्हणतात बिल शून्य होईल. पण कर्जाच्या कागदावर सही आपली असते. हप्ता आपल्या मजुरीतून, दुधाच्या पैशातून नाहीतर शिलाईतून जातो. म्हणून या महिन्याचा पाठ यावरच घ्यायचं ठरवलं.

पाठाचा उद्देश एवढाच, की वाचून झाल्यावर प्रत्येकीला आपल्या घराचं लाईटबिल समोर ठेवून स्वतः ठरवता आलं पाहिजे : ही वस्तू घ्यायची की नाही, आत्ता की नंतर, आणि कर्ज काढून की साठवून.

बैठकीला येताना प्रत्येकीने घरचं शेवटचं लाईटबिल आणावं. सचिवताईंनी मोबाईलमधला कॅल्क्युलेटर तयार ठेवावा.

१. ही कल्पना आली कुठून?

कल्पना साधी आहे. वीज वाचवणारी वस्तू महाग असते. बल्ब असो, पंखा असो, सोलर असो, पैसे आज एकदम लागतात आणि फायदा पुढे थोडा थोडा मिळतो. ज्यांच्याकडे एकरकमी पैसे आहेत ते घेतात आणि त्यांचं बिल कमी होतं. ज्यांच्याकडे नाहीत ते जुन्या वस्तू वापरत राहतात आणि जास्त बिल भरतात. म्हणजे गरिबाच्या घरातला उजेड श्रीमंताच्या उजेडापेक्षा महाग पडतो.

यावर उपाय असा निघाला की वीज कंपनीनेच वस्तूचे पैसे आधी घालायचे आणि मग दर महिन्याच्या बिलातून थोडे थोडे वळते करायचे. बिल तर दर महिन्याला येतंच, त्यात एक ओळ वाढते. पण वस्तूमुळे युनिट कमी झालेले असतात, त्यामुळे एकूण बिल आधीपेक्षा कमीच राहतं.

आपल्या देशात हे मोठ्या प्रमाणात झालं ते एलईडी बल्बच्या बाबतीत. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली. काम होतं ईईएसएल या सरकारी कंपनीकडे. त्यांनी लाखो बल्ब एकदम खरेदी केले, त्यामुळे भाव पडला. २०१४ मध्ये एका बल्बची खरेदी ३१० रुपयांना होत होती, ती २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आली. रोख देणं जमत नसेल तर महिन्याला दहा रुपये बिलातून वळते करायची सोयही ठेवली होती. आजवर या योजनेत ३६ कोटींपेक्षा जास्त बल्ब वाटले गेलेत. तुमच्यापैकी कित्येकींनी महावितरणच्या ऑफिसबाहेर रांगेत उभं राहून ते आणलेही असतील.

यात आपल्या गटाचीच रीत दिसेल. एकटीने घेतलं तर महाग, सगळ्यांनी मिळून घेतलं तर स्वस्त. एकदम देणं जड, हप्त्याने सोपं.

२. ऐंशी पैशांचा नियम

हीच पद्धत अमेरिकेतल्या काही ग्रामीण वीज सहकारी संस्थांनी पुढे नेली. अर्कान्सा राज्यात वॉशिटा नावाची वीज सहकारी संस्था आहे. तिचे ग्राहक हेच तिचे सभासद, म्हणजे मालकही तेच. आपल्याकडे श्रीरामपूर-राहुरी भागात मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था २०११ पर्यंत वीज पुरवायची, तसाच प्रकार समजा. वॉशिटाने २०१६ मध्ये सभासदांच्या घरांत सुधारणा करून द्यायला सुरुवात केली. तिथे घर उन्हाळ्यात गार आणि थंडीत गरम ठेवायला फार वीज जाते. संस्थेचा माणूस आधी घर तपासतो, कुठून वारा गळतो, कुठे वीज वाया जाते ते पाहतो, आणि खर्च संस्था करते.

त्यांची योजना आपल्याला जशीच्या तशी मिळणार नाही. आपल्याला घ्यायचे आहेत त्यांचे नियम.

पहिला नियम : वाचलेल्या प्रत्येक रुपयातले जास्तीत जास्त ८० पैसेच हप्त्यात जातील. उरलेले २० पैसे पहिल्या महिन्यापासून घरात राहिले पाहिजेत. हिशोब तसा बसत नसेल तर ते काम त्या हप्त्यावर करायचं नाही, किंवा वरचे पैसे आधी रोख भरायचे.

दुसरा नियम : हप्ता माणसाच्या नावावर नाही, मीटरवर. भाडेकरू घर सोडून गेला तर पुढे जो राहायला येईल तो भरेल, कारण बचतही त्यालाच मिळणार आहे.

तिसरा नियम : वस्तू बिघडली आणि दुरुस्त करून दिली नाही, तर हप्ता थांबतो.

आता हे तीन नियम आपल्या कर्जाशी ताडून पाहा. आपण गटातून किंवा बँकेतून कर्ज घेतो तेव्हा हप्ता माणसाच्याच नावावर असतो, बहुतेक वेळा बाईच्या. पंखा जळाला तरी हप्ता चालूच. म्हणून दुसरं आणि तिसरं संरक्षण आपल्याला आपलं आपणच उभं करावं लागेल. पहिला नियम मात्र आजपासून पाळता येतो, कोणाची परवानगी लागत नाही.

३. बिल वाचायला शिकूया

बिल हातात घ्या. त्यात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क अशा ओळी दिसतील. घरगुती बिलावर वीज शुल्क १६ टक्के असतं.

यातला स्थिर आकार युनिट कितीही कमी केले तरी जात नाही. मीटर आहे तोवर तो आहे. म्हणून "बिल शून्य" म्हणणाऱ्याला विचारा, "स्थिर आकार कोण भरणार?"

वीज आकाराचे टप्पे असतात. पहिल्या १०० युनिटला एक दर, १०१ ते ३०० युनिटला दुसरा दर, आणि हा दुसरा दर जवळपास दुप्पट पडतो. सगळा पाठ या एका गोष्टीवर उभा आहे, म्हणून नीट समजून घ्या. आपण एक युनिट वाचवतो तेव्हा वरचा, म्हणजे सगळ्यात महागडा युनिट वाचतो. १३० युनिट वापरणारीचे पहिले ३० युनिट महागडे वाचतील. ७० युनिट वापरणारीचे स्वस्तातलेच वाचतील. पंखा तोच, बचत मात्र दोघींची वेगळी. शेजारणीला परवडलं म्हणून आपल्याला परवडेल असं नाही, ते याच्यामुळे.

आपल्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापरही छापलेला असतो. एकाच महिन्यावर जाऊ नका. उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही बघा.

४. युनिट मोजायची रीत

कोणत्याही वस्तूवर वॉट लिहिलेले असतात. रीत अशी : वॉट गुणिले रोजचे तास गुणिले ३०, भागिले १०००. आलेलं उत्तर म्हणजे महिन्याचे युनिट.

• जुना पिवळा बल्ब ६० वॉट, रोज ५ तास : ९ युनिट. त्याजागी ९ वॉटचा एलईडी : १.३५ युनिट. वाचले साडेसात युनिट.

• जुनी ट्यूब चोकसकट साधारण ५० वॉट, रोज ५ तास : साडेसात युनिट. २० वॉटची एलईडी ट्यूब : ३ युनिट. वाचले साडेचार.

• जुना छताचा पंखा ७५ वॉट, रोज १२ तास : २७ युनिट. बीएलडीसी मोटरचा पंखा साधारण ३० वॉट : जवळपास ११ युनिट. वाचले १६.

बल्बला आपण फार जपतो, पोरांना ओरडतो "लाईट बंद कर", आणि पंखा मात्र दिवसरात्र फिरत असतो. साध्या घरात सगळ्यात जास्त वीज बहुतेक वेळा पंखा आणि फ्रिजच खातात.

खरेदी करताना स्टार लेबल बघा. २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ते बंधनकारक आहे. दुकानदार नुसतं "वीज कमी खातो" म्हणाला तर पंख्यावर किंवा खोक्यावर वॉट किती लिहिलेत ते दाखवायला सांगा.

५. दोन घरांचा हिशोब

खाली दर सोपे धरलेत : सगळे आकार धरून पहिल्या १०० युनिटला ६ रुपये, त्यावरच्या युनिटला १२ रुपये. वस्तूंच्या किमतीही समजुतीसाठी धरलेल्या आहेत. तुम्ही तुमच्या बिलावरचा दर आणि तुमच्या बाजारातला भाव घाला. स्थिर आकार बदलत नाही, म्हणून तो हिशोबात घेतलेला नाही.

पहिलं घर : महिन्याला १३० युनिट.

आजचं बिल : १०० × ६ = ६०० आणि ३० × १२ = ३६०, एकूण ९६० रुपये.

या घराने एक बल्ब, एक ट्यूब आणि दोन पंखे बदलले. महिन्याला साधारण ४५ युनिट वाचले, वापर ८५ वर आला. नवं बिल ८५ × ६ = ५१० रुपये. वाचले ४५० रुपये. युनिट एक तृतीयांश कमी झाले, पण पैसे जवळपास निम्मे वाचले, कारण महागडा टप्पा पूर्ण सुटला.

पण थांबा, पंखा बाराही महिने चालत नाही. थंडीचे चार महिने पंखे बंद धरले तर त्या महिन्यांत फक्त बल्ब-ट्यूबची १२ युनिटची बचत, म्हणजे ७२ रुपये. वर्षाची बचत : ८ × ४५० = ३६०० आणि ४ × ७२ = २८८, एकूण ३,८८८ रुपये. महिन्याची सरासरी ३२४. ऐंशी पैशांच्या नियमाने हप्ता २६० रुपयांच्या वर जाता कामा नये.

दोन पंखे ६,००० आणि बल्ब-ट्यूब ४००, असे ६,४०० रुपये गटातून महिना १ टक्का घटत्या व्याजाने घेतले, तर २६० रुपयांचे साधारण २९ हप्ते होतात. व्याज हजाराच्या आसपास जातं, आणि ते गटाच्याच पेटीत राहतं. पंख्याची गॅरंटी ३ वर्षांची असेल तर हप्ते गॅरंटीच्या आत संपतात. हे कर्ज द्यायला हरकत नाही.

दुसरं घर : महिन्याला ७० युनिट.

आजचं बिल ७० × ६ = ४२० रुपये. या ताईंनी एक पंखा बदलायचा म्हटला, किंमत ३,०००. बचत १६ युनिट × ६ = ९६ रुपये, तीही आठच महिने. वर्षाला ७६८, महिन्याची सरासरी ६४. हप्ता ५१ रुपयांच्या आत बसवायचा. त्याच १ टक्का व्याजाने हिशोब केला तर हप्ते जवळपास ९० होतात, म्हणजे साडेसात वर्षं! गॅरंटी कधीच संपलेली असेल. ताईंना हे कर्ज देऊ नये. यात ताईंची अडवणूक नाही, त्यांची काळजीच आहे.

मग त्यांनी काय करायचं? आधी पिवळे बल्ब असतील तर ते बदलायचे, तो खर्च दोन-चार महिन्यांत निघतो. पंखा मात्र जुना जळेपर्यंत चालवायचा. जळाला की नवीन घ्यावाच लागणार. तेव्हा साधा पंखा समजा १,५०० ला येतो आणि कमी विजेचा ३,००० ला, तर खरा जादा खर्च १,५०० च आहे. महिना ६४ रुपयांच्या बचतीतून तो दोन वर्षांत फिटतो. तेव्हा घेणं शहाणपणाचं.

६. छतावरच्या सोलरचं काय?

पीएम सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. एक कोटी घरांवर सोलर बसवायचं उद्दिष्ट आहे. केंद्राची सबसिडी १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार, आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये. संच सुरू झाला, तपासणी झाली की सबसिडी थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येते. बाकी रकमेसाठी बँका तारण न घेता कर्ज देतात, व्याज साधारण ६ ते ७ टक्क्यांच्या घरात. ते गटाच्या कर्जापेक्षा स्वस्त आहे. म्हणून सोलरसाठी गटाची पेटी रिकामी करण्याआधी बँकेचं दार ठोठवा.

१ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट मोकळं, सावली नसलेलं छत लागतं. त्यातून आपल्याकडे महिन्याला सरासरी १२० युनिट मिळतात. दिवसा तयार झालेली जादा वीज लाईनमध्ये जाते, रात्री आपण लाईनमधून घेतो, आणि नेट मीटर दोन्हींचा हिशोब ठेवतो.

१०० युनिटच्या आत वापर असलेल्या घरांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये 'स्मार्ट' नावाची योजना आणली. ती महावितरणमार्फत चालते. त्यात १ किलोवॉटच्या संचाची किंमत ५० हजार धरली आहे. केंद्राच्या ३० हजारांवर राज्य भर घालतं : दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला १७,५००, अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला १५,००० आणि सर्वसाधारण गटातल्या ग्राहकाला १०,००० रुपये. म्हणजे घरातून घालायचे अनुक्रमे २,५००, ५,००० आणि १०,००० रुपये. अर्ज करण्याआधी आपलं नाव कोणत्या यादीत बसतं आणि योजनेत अजून जागा आहे का, हे महावितरणच्या शाखा कार्यालयात विचारून घ्या.

आता हिशोब लावा. दुसऱ्या घराच्या ताईंचं बिल ४२० होतं, ते जवळपास सगळं वाचेल. दारिद्र्यरेषेखालील असतील तर २,५०० रुपये सहा महिन्यांत वसूल. सर्वसाधारण गटातल्या असतील आणि १०,००० घालायचे असतील, तर ३३६ रुपयांच्या हप्त्याने व्याज सोडून तीस महिने. म्हणजे ज्या घराला पंख्याचं कर्ज परवडत नव्हतं, त्याच घराला ही योजना परवडते. कारण खर्चाचा मोठा भाग सरकारने उचललेला आहे.

पहिल्या घराचं बघू. वापर १३०, त्यामुळे नेहमीची सूर्यघर योजना. समजा १ किलोवॉटला कोटेशन ६५ हजारांचं आलं. सबसिडी ३०, घरचे ३५ हजार. बिल ९६० वरून ६० वर येईल, बचत ९००. ऐंशी पैशांनी हप्ता ७२०. बँकेचं ७ टक्के व्याज धरलं तर साधारण ५८ हप्ते, पाच वर्षांच्या आत. ठीक आहे.

पण याच घराने आधी पंखे-बल्ब बदलून वापर ८५ वर आणला असेल तर? मग सोलरने वाचणार फक्त ५१० रुपये. हप्ता बसतो ४०८ चा आणि कर्ज फिटायला दहा वर्षं लागतात. नीट लक्षात घ्या : पंख्याची बचत ४५० आणि सोलरची ९०० अशी बेरीज होत नाही. तेच महागडे युनिट दोनदा वाचवता येत नाहीत. दुकानदार दोन्ही वस्तूंची बचत वेगवेगळी सांगतो आणि आपण मनात बेरीज करतो. म्हणून दोन्हींसाठी एकदम कर्ज काढू नका. आधी स्वस्तातली सुधारणा करा, वर्षभर बिल बघा, मग उरलेल्या बिलावर सोलरचा हिशोब मांडा.

७. सोलरबद्दल आधीच माहीत असाव्यात अशा चार गोष्टी

लाईन गेली की हे सोलरही बंद होतं. कित्येकींना वाटतं की लोडशेडिंगमधून सुटका होईल. बिनबॅटरीचा संच लाईन गेल्यावर मुद्दाम बंद पडेल असाच बनवलेला असतो. नाहीतर आपल्या छतावरची वीज तारेत जाऊन खांबावर चढलेल्या वायरमनला झटका बसेल. रात्रीच्या अंधाराचा प्रश्न असेल तर त्याचा उपाय वेगळा, छोटा बॅटरीचा दिवा.

पॅनल पुसावं लागतं. धूळ बसली की वीज कमी होते. पंधरा दिवसांनी सकाळी किंवा संध्याकाळी, पॅनल थंड असताना साध्या पाण्याने धुवायचं. हे काम कोण करणार आणि उन्हाळ्यात पाणी कुठलं, हे घरात आधीच बोलून घ्या. नाहीतर हंडा घेऊन शिडी चढायची वेळ आपल्यावरच येते.

पैसे आणि ओटीपी. सबसिडी आपल्या खात्यात येते, एजंटच्या नाही. "सबसिडी मिळवून देतो, आधी एवढे द्या" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. ओटीपी कोणालाही सांगू नका, मग तो गावातला ओळखीचा मुलगा का असेना. काम फक्त नोंदणीकृत पुरवठादाराकडून करून घ्या. पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी त्याची आहे, ती करारात लिहून घ्या.

कंपनीने बसवलेला संच. सूर्यघर योजनेत आणखी एक मार्ग आहे. वीज कंपनी किंवा दुसरी संस्था स्वतःच्या खर्चाने आपल्या छतावर संच बसवते, किमान पाच वर्षं मालकी तिची राहते आणि नंतर संच घराच्या नावे होतो. असा प्रस्ताव आला तर तीन प्रश्न विचारायचे : या काळात आमचं बिल किती कमी होणार? छत गळालं तर कोण दुरुस्त करणार? घर विकलं किंवा वाटणी झाली तर काय?

८. मीटर कोणाच्या नावावर आहे?

हा प्रश्न बैठकीत विचारला की आधी शांतता होते, मग हसू येतं. कारण बऱ्याच घरांत मीटर सासऱ्यांच्या नावावर असतं, आणि सासरे जाऊन दहा वर्षं झालेली असतात. बिल नियमित भरलं जातं, म्हणून कोणी लक्ष देत नाही. पण सोलरचा अर्ज मीटर ज्याच्या नावावर त्यालाच करता येतो, आणि बँक खात्यावरचं नावही जुळावं लागतं. म्हणून सोलरच्या आधीचं काम म्हणजे मीटरवर नावबदलाचा अर्ज. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढा, त्यावर घराला कोणाकोणाची नावं आहेत ते बघा. नावबदल करायचाच आहे, तर आपलं नाव का लागू नये, हेही घरात विचारा.

हे मी उगाच म्हणत नाही. गटाचं कर्ज ताईंच्या नावावर, हप्ता ताई भरणार, आणि घर, मीटर, छत, सबसिडीचं खातं सगळं दुसऱ्याच्या नावावर. उद्या घरात वाटणी झाली, भांडण झालं, किंवा ताई माहेरी परतल्या, तर पंखा आणि सोलर तिथेच फिरत राहणार आणि कर्ज मात्र ताईंच्या मागे येणार. अमेरिकेतल्या त्या संस्थेने हप्ता मीटरला बांधला, तो यासाठीच. आपल्याकडे तशी सोय होत नाही तोवर एवढं तरी करूया : मोठं कर्ज असेल तर सहकर्जदार म्हणून मीटरधारकाची सही घ्या. हप्ता कोणाच्या कमाईतून जाणार हे अर्जावरच लिहून घ्या.

९. गटाने काय ठरवावं?

चर्चेसाठी ठरावाचा मसुदा देत आहे. पटेल तेवढा घ्या, बदल करा, आणि प्रोसिडिंगमध्ये नोंदवा.

"वीज बचतीच्या वस्तूसाठी कर्ज मागणाऱ्या सदस्येने मागील बारा महिन्यांचा वीजवापर दाखवावा. गटाने बचतीचा हिशोब लिहून काढावा. हप्ता वर्षाच्या सरासरी बचतीच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. हप्त्यांचा काळ वस्तूच्या गॅरंटीपेक्षा जास्त नसावा. गॅरंटी कार्ड व पावतीची प्रत गटाकडे ठेवावी. गॅरंटीत वस्तू बिघडल्यास दुरुस्तीसाठी गट सदस्येसोबत दुकानात जाईल. कर्ज दिल्यानंतर तीन महिन्यांनी बिल पुन्हा तपासून प्रत्यक्ष बचतीची नोंद करावी."

शेवटची ओळ महत्त्वाची आहे. कागदावरची बचत आणि बिलावरची बचत यात फरक पडू शकतो. पंखा कमी वीज खातो म्हणून तो जास्त वेळ चालू ठेवला, तर बचत तिथेच विरते. उन्हाळ्यात जीवाला गारवा मिळाला तर तोही फायदाच, त्यात चूक काही नाही. पण हप्ता भरायला पैसे त्यातून निघणार नाहीत.

ग्रामसंघ पातळीवर आणखी दोन कामं करता येतील. एक, गावातल्या सगळ्या गटांची मागणी गोळा करून पंखे आणि एलईडी एकत्र खरेदी करणं. तीस पंखे एकदम घेणाऱ्या बायकांशी दुकानदार वेगळ्या आवाजात बोलतो. भाव कमी करा म्हणताना गॅरंटी वाढवाही म्हणा. दोन, वीज दर ठरवण्याआधी महाराष्ट्र वीज नियामक आयोग जनसुनावणी घेतो, तिथे कोणीही लेखी म्हणणं मांडू शकतं. वीज कंपन्यांनी ग्राहकांच्या घरी बचतीचे कार्यक्रम राबवावेत यासाठी आयोगाने २०१० मध्येच नियम केलेले आहेत. आपल्या महासंघाने लिहून मागावं, की बल्बसाठी जी हप्त्याची सोय केली तीच पंख्यासाठी करा, आणि हप्ता बिलातून घ्या. शंभर गटांच्या सह्या असलेला कागद बाजूला सारणं सोपं नसतं.

१०. बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

• आपल्या गटात १०० युनिटच्या आत किती घरं, आणि वर किती?

• मीटर स्वतःच्या नावावर असलेल्या किती जणी?

• ७० युनिटवाल्या ताईंना पंख्याचं कर्ज नाकारायचं, तर ते कसं सांगाल की त्यांना वाईट वाटणार नाही?

• एखादीच्या घरी सोलर आधीच बसलंय का? असेल तर तिचं आधीचं आणि आत्ताचं बिल शेजारी ठेवून सगळ्यांनी वाचा.

घरचा अभ्यास : घरातल्या सगळ्या विजेच्या वस्तूंची यादी करा. नाव, वॉट, रोजचे तास आणि महिन्याचे युनिट असे चार रकाने पाडा. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना सोबत घ्या, गुणाकार-भागाकार त्यांचा पक्का होईल आणि पंखा बंद करायचं आपोआप लक्षात राहील. बेरीज बिलावरच्या युनिटच्या जवळपास आली पाहिजे. फार फरक पडला तर एखादी वस्तू सुटली असेल, नाहीतर मीटर तपासून घ्यायची गरज असेल. पुढच्या महिन्याच्या बैठकीत ही यादी आणा, प्रत्येकीचा हप्त्याचा आकडा आपण तिथेच मिळून काढू.

– आपली क्षेत्र समन्वयक